तुटक रेषा वगळून

आमच्या कंपनीत वजनकाटे बनत नाहीत, काट्यांच्या आतलं सॉफ्टवेअर बनतं. काटा दुसरा कोणी बनवतो, दुकानदार तो विकत घेतो, गिऱ्हाईक त्यावर पिशवी ठेवतं आणि पडद्यावर आकडा आमचा उमटतो. आकडा चुकला तर शिव्या दुकानदाराला पडतात, त्यामुळे आमचं बरं चाललंय.

मी इथे बिल्ड सांभाळतो. म्हणजे नक्की काय करतोस, असं बायकोने लग्नाआधी विचारलं होतं. मी अर्धा तास बोललो आणि तिने 'बरं' म्हणून विषय बदलला. तेव्हापासून मी थोडक्यात सांगायला शिकलोय. आमच्याकडे अकरा लायब्ररी आहेत. लायब्ररी म्हणजे एकेकाने लिहून ठेवलेलं तयार काम. कोणी बटणांचं लिहिलंय, कोणी पडद्याचं, कोणी लेबल छापण्याचं. हे सगळं शेवटी एका एक्झिक्युटेबलमध्ये, म्हणजे काट्यात प्रत्यक्ष चालणाऱ्या प्रोग्राममध्ये जोडलं जातं, आणि या जोडणीलाच बिल्ड म्हणतात. कोणाला कोण जोडायचं ते मी एका फाइलीत लिहितो आणि ती फाइल जनरेटर वाचतो. जनरेटर मुकादमासारखा असतो. स्वतः एक वीट उचलत नाही, पण कोणी कुठली वीट कधी लावायची याची चिठ्ठी प्रत्येकाच्या हातात देतो.

त्या फाइलीत एका शब्दाला फार किंमत आहे. माझी लायब्ररी दुसऱ्याची लायब्ररी वापरत असेल, तर ती पब्लिक वापरते की प्रायव्हेट, हे सांगावं लागतं. पब्लिक लिहिलं की मला जोडणाऱ्या प्रत्येकाला तीही दिसायला लागते, तिच्या हेडर फाइलींसकट, म्हणजे आत काय काय आहे ते सांगणाऱ्या याद्यांसकट. प्रायव्हेट लिहिलं की ती माझ्याआड राहते. राहते म्हणजे कुठे जात नाही हं. शेवटी एक्झिक्युटेबल जोडायची वेळ आली की जनरेटर तिचं नाव यादीत न विसरता घालतोच, कारण ओझं कोण उचलतंय हे त्याला पक्कं ठाऊक असतं. बाकी कोणाला कळत नाही, एवढंच.

अकरा वर्षांपूर्वी मी माझ्या लायब्ररीखाली ताईच्या लायब्ररीचं नाव लिहिलं आणि त्यापुढे प्रायव्हेट लिहिलं.

ताई म्हणजे माझी सख्खी मोठी बहीण. ऑफिसात सगळेच तिला ताई म्हणतात, त्यामुळे माझी हक्काची बहीण फुकटात वाटली जाते अशी माझी जुनी तक्रार आहे. मला इथे तिनेच चिकटवलं. तिच्या लायब्ररीचं नाव 'स्थिर'. काट्यावर पिशवी ठेवली की आकडा नाचतो. पंख्याचा वारा, गिऱ्हाईकाचा हात, टेबलाचा लंगडा पाय, सगळं त्या आकड्यात मिसळतं. नाचणारा आकडा कोणत्या क्षणी खरा मानायचा, हे ठरवणं हीच काट्याची सगळी अक्कल, आणि ती ताईची आहे. दोन वर्षं ती दुकानांत उभी राहून वजनं लिहून घेत होती. दुकानदारांना वाटायचं ही सरकारी माणूस आहे, आणि ते तिला खुर्ची द्यायचे.

मग मी आलो आणि स्थिरच्या वर 'मापन' नावाची लायब्ररी लिहिली. मापन स्थिरला विचारते, ठरला का आकडा? स्थिर म्हणते, ठरला. मापन सगळ्यांना सांगते, ठरला. हळूहळू लोक समजू लागले की ठरवते ती मापन. हा गैरसमज दूर करायला मी काही धावलो नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. मापनबद्दल मला बढती मिळाली आणि अर्धी काच असलेली खोली मिळाली.

प्रायव्हेट लिहायला तांत्रिक कारण होतं. जे आतलं आहे ते आत ठेवावं, असंच शिकवतात आणि ते बरोबरच आहे. मी ते कारण बऱ्याच जणांना बऱ्याच वेळा सांगितलंय. पण तो शब्द टाइप करताना माझ्या मनात कारण नव्हतं, ताईचं नाव होतं.

या वर्षी नवे साहेब आले. ते गोदामांच्या धंद्यातून आलेले. सॉफ्टवेअर आपल्याला कळत नाही, हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, आणि ज्या थाटात सांगितलं त्यावरून तो त्यांचा मोठा गुण असावा. "मी बाहेरून बघतो," ते म्हणाले, "म्हणून मला स्पष्ट दिसतं." आठवड्याच्या आत त्यांनी मला बोलावलं आणि कोण कोणावर अवलंबून आहे याचं एक चित्र मागितलं.

जनरेटरला असं चित्र काढता येतं. अकरा चौकोन, त्यांच्यामध्ये बाण. पब्लिक जोडणीला सलग रेषा, प्रायव्हेटला तुटक. मी छापून नेलं. साहेबांनी कागद उभा धरला, मग आडवा धरला.

"या तुटक रेषा कसल्या?"

"त्या प्रायव्हेट, सर. आतल्या आत वापरतात त्या."

"आतलं मला कशाला? काढून टाका. चित्र वाचता आलं पाहिजे."

काढणं एका ओळीचं काम होतं. काढल्यावर चित्र खरंच सुरेख दिसायला लागलं. मापनकडे सात बाण येत होते आणि खाली उजव्या कोपऱ्यात स्थिरचा चौकोन एकटा पडला होता. मी तो पाहिला. पाहिलाच नाही असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. मला वाटलं, साहेब लोक चित्रं मागतात आणि खणात ठेवतात, तसंच याचं होईल.

साहेबांनी ते दाराएवढं मोठं छापून घेतलं आणि पाण्याच्या मशीनशेजारी भिंतीवर लावलं. त्या दिवसापासून लोक पाणी भरता भरता स्वतःचे बाण मोजू लागले. लेबलं छापण्याची लायब्ररी लिहिणारी आमची लेबलवाली एरवी कोणाच्या अध्यात नसते, पण तीही म्हणाली, "मला दोनच. तुम्हाला सात म्हणजे काय, मजाच आहे." त्या आठवड्यात मलाही तहान जरा जास्तच लागली.

बुधवारी साहेबांनी मला भिंतीपाशी बोलावलं आणि कोपऱ्यातल्या चौकोनावर बोट ठेवलं.

"हा कोणाचा?"

"ताईंचा, सर."

"बाण एकही नाही. म्हणजे ही लायब्ररी कोणी वापरत नाही."

हीच ती वेळ होती. 'सर, मी वापरतो, आणि माझ्यामार्फत सगळे वापरतात,' एवढं एक वाक्य बोलायचं होतं. त्यानंतर साहेबांनी विचारलं असतं, मग तुमची मापन काय करते? तो प्रश्न मला इतका स्वच्छ ऐकू आला की मी त्यालाच घाबरलो.

"तसं थेट कोणी वापरत नाही, सर," मी म्हणालो.

मापन वगळली तर 'थेट' हा शब्द खोटा नव्हता. त्याची मला आजही लाज वाटते.

"मग महिनाअखेर ते पद बंद करू," साहेब म्हणाले. "बहीण ना त्या तुमच्या? वाईट वाटून घेऊ नका. हे मी म्हणत नाहीये, हे चित्र म्हणतंय."

ताई बावन्न वर्षांची आहे. तिने उभ्या आयुष्यात एकच गोष्ट केली, काट्यांवरचे आकडे शांत केले. त्या वयाला आणि त्या कामाला बाहेर कोण विचारतं? आई तिच्याकडे असते, कारण माझ्या घराला लिफ्ट नाही. खरं तर कारण लिफ्ट नाही, पण आम्ही दोघंही लिफ्टच म्हणतो. ताईची नोकरी गेली तर तो सगळा संसार मोडणार होता, आणि तो माझ्या एका शब्दापायी.

दुपारी जिन्यात ताई भेटली. तिला कळलं होतं.

"काय रे," ती म्हणाली, "चित्रात माझा चौकोन एकटा कसा पडला?"

"आतल्या रेषा दाखवत नाहीत त्यात."

"मग सांगितलंस ना साहेबांना?"

"सांगतो."

"सांग हं. माझ्याने बाई असं स्वतःबद्दल बोलवत नाही. आणि आईला एवढ्यात काही बोलू नकोस, तिची झोप उडेल." एवढं बोलून ती खाली गेलीसुद्धा. मी सांगीन याची तिला शंकाच नव्हती, आणि मला त्याचाच राग आला. कोणाचा राग, ते मात्र कळेना.

बायकोला घरी सांगितलं. ती म्हणाली, "मग सांगून टाक की." ज्यांना इकडे आड तिकडे विहीर अशी वेळ येत नाही त्यांना सगळं सोपं असतं, असं मी मनात म्हटलं आणि जेवलो.

दुसऱ्या दिवशी मला युक्ती सुचली. मी सगळ्यांच्या आधी ऑफिसात आलो, फाइल उघडली आणि त्या ओळीतलं प्रायव्हेट खोडून पब्लिक लिहिलं. जनरेटर चालवला, चित्र काढलं. आता मापनकडून स्थिरकडे एक सलग, ठसठशीत बाण जात होता. मी नवं चित्र मोठं छापून भिंतीवर लावलं, जुनं चौघडी घालून बॅगेत टाकलं. सत्य उघड झालं होतं आणि मला तोंड उघडावं लागलं नव्हतं. सकाळभर मी स्वतःवर खूश होतो.

बाराच्या सुमारास लेबलवाली हातात लेबलांची लांब पट्टी घेऊन आली.

"बघा हे. कालपर्यंत दशांशानंतर दोन आकडे यायचे, आज तीन येताहेत. शेवटचा आकडा कागदाबाहेर पडतोय. मी कशालाही हात लावलेला नाही."

तिने लावला नव्हता, मी लावला होता. लेबलवालीचं काम 'आकडे' नावाच्या एका हेडर फाइलीवर चालतं. ती फाइल पडद्याच्या लायब्ररीत असते, आणि तिच्यात दशांशानंतर दोन जागा लिहिल्या आहेत. पण ताईकडेही त्याच नावाची फाइल आहे आणि तीत तीन जागा आहेत, कारण ताईला बारीक बघावं लागतं. अकरा वर्षं या दोघींची गाठ पडली नव्हती. मी पब्लिक लिहिल्याबरोबर मापनला जोडलेल्या प्रत्येकाला ताईची कपाटं उघडी झाली. लेबलवालीच्या यादीत मापन आधी आणि पडदा नंतर. शोधताना पहिली सापडली ती फाइल वाचली गेली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

लेबलवालीने हे साहेबांना सांगितलं, कारण मी तिला कारण सांगितलं आणि ती सरळ बाई आहे. साहेबांनी आम्हा तिघांना, म्हणजे मला, तिला आणि ताईला, भिंतीपाशी उभं केलं.

"काल या लायब्ररीचा कोणाशी संबंध नव्हता," ते म्हणाले, "आणि आज हिने लेबलं बिघडवली. म्हणजे काल नुसती निरुपयोगी होती, आज उपद्रवी झाली. महिनाअखेरपर्यंत तरी कशाला थांबायचं? आत्ता काढून बघा."

ताईने माझ्याकडे पाहिलं. मी लॅपटॉप पाण्याच्या मशीनवर ठेवला आणि ती ओळच्या ओळ पुसली. जनरेटरने हूं की चूं केलं नाही. चिठ्ठ्या लिहिणं त्याचं काम, भिंत उभी राहील का ते तो बघत नाही. मग बिल्ड सुरू झालं आणि सगळ्यात आधी मापन पडली. मापनच्या पाठोपाठ तिला बाण असलेल्या सातही जणी पडल्या. एक्झिक्युटेबल जोडायची पाळीच आली नाही, जोडायला काही उरलंच नव्हतं. पडदाभर लाल ओळी.

"ही तर तुमची लायब्ररी पडली," साहेब म्हणाले.

"हो, सर."

"का?"

आता पळायला जागा नव्हती. मी बोललो. तुटक रेषा मी काढल्या तेव्हा ताईचा बाण गेला, हे सांगितलं. मापन स्वतः काहीही ठरवत नाही, नुसती विचारते आणि पुढे कळवते, हे सांगितलं. "आकडा ठरवते ती ताईची लायब्ररी, सर. अकरा वर्षांत ताईचा आकडा एकदाही चुकलेला नाही. मी प्रायव्हेट लिहिलं ते तिचं नाव दिसू नये म्हणून. आयत्या बिळावर नागोबा होऊन बसलो."

लेबलवाली जमिनीकडे बघायला लागली. माझे कान तापले होते, पण आतून इतकं हलकं वाटत होतं की काय सांगू. आणि खरं सांगायचं तर थोडा अभिमानही वाटत होता. बहिणीसाठी एवढं कोण बोलतं, असं काहीसं. ताईचे डोळे भरले होते.

साहेब मूर्ख नव्हते. त्यांनी एकदा लाल ओळींकडे आणि एकदा भिंतीकडे पाहिलं. मग खिशातला मार्कर काढून त्यांनी मापनपासून स्थिरपर्यंतचा बाण स्वतःच्या हाताने जाड केला.

"म्हणजे ही लायब्ररी हवी."

"हवीच, सर."

"चांगलं झालं सांगितलंत." त्यांनी ताईकडे पाहिलं. "अकरा वर्षांत तुम्ही हिच्यात किती वेळा बदल केलेत?"

"चार," ताई म्हणाली. "पाचवा म्हणजे टंकलेखनाची चूक होती."

"म्हणजे ती लिहून झालेली आहे." साहेब खुशीत आले. "मग लायब्ररी राहील. चार बदलांसाठी एक पूर्ण पद कशाला? सांभाळायला हे आहेतच. बिल्ड यांच्याकडे, मापन यांची." ते माझ्याकडे वळले. "तुम्हाला समजते ना ती?"

इथे मी अडकलो. बहिणीवर अन्याय केला हे म्हणणं एक वेळ सोपं असतं. त्यात माणूस वाईट दिसतो, पण मोठा दिसतो. मला आपलं काम येत नाही, हे म्हणण्यात तसलं काही मिळत नाही. स्थिरमध्ये मला एकाच फंक्शनचं नाव माहीत होतं, जे मापन बोलावते ते. त्याच्या आत काय आहे, ते मी कधी बघितलंच नव्हतं. सुरुवातीला आळसाने. नंतर भीतीने, की उघडलं आणि कळलं नाही तर? 'हो' म्हटलं की ताई गेली. 'नाही' म्हटलं की ताई राहिली, कारण मग ती सांभाळणारं दुसरं कोणी नव्हतं.

"नाही, सर," मी म्हणालो. "मला ती समजत नाही. अकरा वर्षांत मी ती एकदाही उघडलेली नाही."

लेबलवालीने मान वर करून माझ्याकडे बघितलं.

"उघडलेली नाही," साहेब म्हणाले. "बढती तुम्हाला, खोली तुम्हाला, आणि ज्याच्यावर हे सगळं उभं आहे ते तुम्ही उघडलेलं नाही."

"नाही, सर."

मी खाली बघत होतो, पण मला बरं वाटत होतं. माझं व्हायचं ते होवो, ताई वाचली. तेवढ्यात ताई पुढे आली. एवढा वेळ विचारल्याशिवाय एक अक्षर न बोललेली ताई आपणहून बोलायला लागली, आणि तिचा आवाज मी ओळखला. तिसरीत माझी वही कोरी निघाली होती तेव्हा ती माझ्या बाईंशी याच आवाजात बोलली होती.

"तसं नाही हो, सर. त्याला स्वतःला कमी लेखायची सवयच आहे. डोकं आहे त्याला. कोणी बसवून दाखवलं नाही म्हणून राहिलं. मी शिकवीन ना."

"ताई," मी म्हणालो.

"तू थांब रे जरा."

"किती दिवस लागतील शिकवायला?" साहेबांनी विचारलं.

ताई उगाच आकडा फेकणाऱ्यांतली नाही. तिने डोळे मिटले, ओठांतल्या ओठांत काहीतरी मोजलं, एकदा मान हलवून पुन्हा मोजलं.

"सतरा दिवस," ती म्हणाली. "रोज दोन तास मन लावून बसला तर."

साहेबांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर मार्करच्या टोकाने सतरा घरं मोजली, सुट्ट्या सोडून, आणि शेवटच्या घराभोवती गोल काढला.

"उत्तम. म्हणजे महिनाअखेरच्या पुढे फक्त चार दिवस. तेवढी मुदत मी देतो तुम्हाला."

ताई होकाराला मान हलवत होती, ती हलवता हलवता थांबली. ती गोलाकडे बघत राहिली. आपण काय बोलून बसलो ते तिच्या चेहऱ्यावर उमटलेलं मी पाहिलं, आणि ते पाहावं लागण्यापेक्षा पुढची अकरा वर्षं शिव्या खाल्ल्या असत्या तर परवडलं असतं.

"सर," मी म्हणालो, "मला खरंच नाही जमणार. सतरा काय, सत्तर दिवसांतही नाही जमणार."

"तुमच्या ताई सतरा म्हणताहेत," साहेब म्हणाले. "आणि त्यांचा आकडा चुकत नाही, हे आत्ता तुम्हीच सांगितलंत." मग त्यांनी बोट कॅलेंडरवरून चित्रावर नेलं आणि लेबलवालीच्या चौकोनाचे बाण मोजायला सुरुवात केली.